भिंतीवरचं पुणे

गेल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली, आणि घरातल्या एकूण एक घड्याळाला ही बातमी पोचवायचं काम मी नेहमीप्रमाणे अंगावर घेतलं. ओव्हनचं झालं, बाथरूममधलं झालं, हॉलमधलं मोठं झालं. गाडीतल्या घड्याळासाठी जाडजूड माहितीपुस्तक काढावं लागतं; ते दर वर्षी काढतो आणि दर वर्षी त्यात काय लिहिलं होतं ते विसरतो. शेवटी माझ्या टेबलावरच्या भिंतीवरचं छोटं पांढरं घड्याळ स्टुलावर चढून काढलं, तेही तासभर मागे केलं, काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि परत टांगलं. खाली उतरून, कंबरेवर हात ठेवून जरा वेळ बघत उभा राहिलो. घरातला एकमेव कर्तबगार पुरुष.

ते घड्याळ पुण्याचं होतं.

म्हणजे पुण्याहून आणलेलं असं नाही. लंडनच्याच दुकानातलं, पण पुण्याची वेळ दाखवणारं. इथली घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात. पुण्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. उन्हाळ्यात आम्ही पुण्याच्या साडेचार तास मागे असतो, हिवाळ्यात साडेपाच. एवढं साधं गणित मला येतं. मी शिकलेला माणूस आहे. तरी हात घड्याळ बघून आपोआप चालतो, त्याला कुठलं गाव ते कळत नाही.

गुरुवारी मला अर्धा दिवस सुट्टी असते. दुपारी भिंतीकडे बघितलं, पुण्यात सव्वासात वाजले होते. आई जेवायला बसली असेल, मालिका सुरू व्हायला अवकाश आहे, असा हिशेब करून फोन लावला.

"काय झालं?" आईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "इरा बरी आहे ना?"

"बरी आहे. का गं?"

"अरे मग आत्ता कशाला फोन करतोस? सव्वाआठ वाजलेत! मालिकेत सासू सुनेला घराबाहेर काढतेय इथे. नंतर कर."

आईने फोन ठेवला. मी घड्याळाकडे बघितलं. घड्याळ निर्विकारपणे एक तास मागे चाललं होतं.

ही चूक मी दुसऱ्यांदा केली. पहिल्यांदा केली त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हा कुणाची मालिका बुडाली असती तर बरं झालं असतं.

*

घड्याळं मागे गेली की इथला ऋतू एका दुपारीत पालटतो. शनिवारी संध्याकाळी माणसं कुत्री फिरवत असतात, आणि रविवारी साडेचारला रस्त्यावरचे दिवे लागतात. फुटपाथवर मेपलची पानं भिजून चिकटलेली. त्यांचा वास ओल्या पोत्यासारखा. हीटर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा पाइपांमधून ठकठक येते, कुणीतरी आत अडकून पडल्यासारखी. लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरात दिवाळीनंतर राहिलेल्या चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडलं की कढीपत्त्याचा वास येतो आणि त्या वासामागे ती सगळी नोव्हेंबरं उभी असतात. त्यातलं एक जरा पुढे येऊन उभं असतं.

त्या वर्षी मी लंडनमध्ये राहत होतो आणि पुण्यात नोकरी करत होतो. वैदेही, माझी बायको, फिजिओथेरपिस्ट. पडून माकडहाड नाहीतर खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा पायावर उभं करायचं तिचं काम. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा आमचं अख्खं ऑफिस घरूनच काम करत होतं. साहेब म्हणाले, घर कुठे का असेना, काम झालं म्हणजे झालं. तेव्हा मीही बॅग भरली. सात वर्षांची आमची मुलगी इरा, दोन प्रेशर कुकर आणि मी, असे तिच्यामागून आलो.

माझ्या व्हिसाच्या कार्डावर 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. बायकोवर अवलंबून. मित्रांना ते दाखवून मी हसायचो. पण मग लगेच, कुणी विचारलेलं नसताना, सांगायचो की माझी पुण्याची नोकरी चालू आहे हं. ती नोकरी म्हणजे त्या कार्डाला दिलेलं माझं उत्तर होतं.

वरच्या मजल्यावर एक खोली होती. पलंग मावत नाही अशा खोलीला इथे बॉक्सरूम म्हणतात. तिथे माझं टेबल, आणि भिंतीवर पुणे. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला ऑफिस सुरू, हिवाळ्यात साडेपाचला. दुपारी दोनला माझी संध्याकाळ व्हायची. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्याच्या ऑफिसातली, तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट बंद पडली की मला कळायचं. बुधवारी कँटीनला साबुदाणा वडा असायचा, तोही माहीत. सायलीच्या, म्हणजे माझ्या हाताखालच्या मुलीच्या, लग्नाचं कुठे फिसकटलं तेही माहीत. इथे कचऱ्याची कुठली पेटी कुठल्या मंगळवारी बाहेर ठेवायची ते मात्र दर आठवड्याला वैदेहीला विचारावं लागे.

दोन घरं सोडून रेचलआंटी राहतात. मुंबईच्या ज्यू, मराठी बोलणाऱ्या. भायखळ्याला लहानपण गेलं, लग्न होऊन इथे आल्या त्याला आता पंचावन्न वर्षं झाली. त्यांची मुलं-नातवंडं इंग्रजीच बोलतात, त्यामुळे साठवलेलं मराठी त्या आमच्यावर खर्च करतात. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला नखशिखांत बघून म्हणाल्या, "वैदेहीचा नवरा तू? मला वाटलं होतं तिने बनवून सांगितलाय. काय रे, इथे राहतोस की नुसता झोपायला येतोस?"

मी मोठ्याने हसलो. चांगला विनोद होता. घरी येईपर्यंत तो नुसता विनोद राहिला नाही.

*

तर त्या रविवारीही मी असाच स्टुलावर चढलो होतो.

सोमवारी पुण्याच्या साडेअकराला मोठी मीटिंग होती. विषय लिहिलेला नव्हता. मी अंधारात उठलो, चहा केला, भिंतीवर साडेदहा वाजले होते. तास मोकळा! लॅपटॉप उघडला असता तर तो बोंबलला असता. पण तो झाकलेला होता आणि फोन खाली चार्जिंगला. मी खिडकीच्या काचेवरचं धुकं पुसत, चिवडा खात, समोरच्या घरातला माणूस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतोय ते बघत बसलो. कितीतरी महिन्यांनी असा निवांत तास मिळाला होता. अजून आठवतो. फार सुंदर तास होता तो.

भिंतीवर साडेअकराला मी मीटिंगमध्ये शिरलो. तिथे कुणी नव्हतं. मग सायलीचा फोन.

"सर, कुठे होता तुम्ही? साहेबांनी दोनदा नाव घेतलं तुमचं."

"अगं, आता तर सुरू..."

"संपलीसुद्धा! एक जानेवारीपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. बाहेरगावच्यांनी पण. नागपूरच्या दोघांनी भांडून सहा महिने मिळवले. तुमचं विचारलं साहेबांनी, पण तुम्हीच नाही म्हटल्यावर... येणार ना सर?"

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. जेवणाच्या टेबलावर रंगते. टेस्टर माणूस, स्वतःच्या भिंतीवरचं घड्याळ तपासलं नाही! सगळे हसतात. पुढची सांगत नाही.

पुढचं असं, की फोन ठेवला आणि मला आनंद झाला. काळजी नंतर आली, रीतसर आली. पण सगळ्यात आधी आला तो आनंद, आणि तो अगदी शाळा सुटल्यावर होतो तसा होता. मला माझी तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची दिसली. खालच्या टपरीवरचा, हात भाजणारा चहा दिसला. रस्त्यावरून जाताना कुणीतरी मागून "ए मिल्या" म्हणून हाक मारेल, हे दिसलं. इथे तीन वर्षांत मला कुणी मागून हाक मारली नव्हती.

त्या खुर्चीच्या आसपास वैदेही आणि इरा कुठे दिसल्या नाहीत. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

*

त्याच सोमवारी आणखी एक काम होतं. इरा सहावीत होती. इथे सहावी संपली की मुलं मोठ्या शाळेत जातात, आणि त्यासाठी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ऑनलाइन अर्ज करायचा असतो. ऑक्टोबर संपला की मुदत संपली. वैदेहीने सप्टेंबरभर शाळा बघितल्या होत्या, यादी केली होती. पहिल्या नंबरावरची शाळा घरापासून बारा मिनिटं चालत. इराच्या तिन्ही मैत्रिणी तिथेच जाणार होत्या. "भरायचं काम तू कर," ती म्हणाली होती, "दिवसभर स्क्रीनसमोर असतोस." मी अर्थातच शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं होतं.

संध्याकाळी बसलो. नाव, पत्ता, शाळा, सगळं भरलं. खाली एक हिरवं बटण होतं. त्यावर बाण नेला आणि थांबलो. जानेवारीत पुण्याला जायचं असेल तर कशाला? उद्या बघू. अर्ज 'सेव्ह' केला. तेवढ्यात हॉस्पिटलातून वैदेहीचा फोन.

"केलंस का रे सबमिट?"

"हो."

एक अक्षर. ती म्हणाली, "थँक गॉड," आणि मागे कुणी म्हातारा तिला हाक मारत होता, तिकडे गेली. रात्रीत मुदत टळली. दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडलंच नाही.

मग तो नोव्हेंबर. मी पहाटे उठून पुण्याच्या लोकांशी गोड बोलत होतो. "बघतो, घरी बोलून सांगतो," असं साहेबांना सांगत होतो आणि घरी बोलत नव्हतो. दुपारी इराला शाळेतून आणायला जायचो. परतताना चारलाच अंधार पडलेला. ती माझ्या खिशात हात घालून चालायची, कारण तिचे हातमोजे कायम हरवलेले. "बाबा, मोठ्या शाळेत मला माझा लॉकर मिळेल. मी त्यात चिवडा ठेवणार." मी म्हणायचो, ठेव. खिशातला तिचा हात गार असायचा, आणि मी तो माझ्या हातात धरून चाललो होतो, ही गोष्ट मला आजही नीट आठवून बघता येत नाही.

रेचलआंटींकडे फराळाचा डबा द्यायला गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ एक तास पुढे होतं. मी लगेच खुर्ची ओढली. तेवढ्या कामात माझा हात धड चालतो.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "ते मी बदलत नाही. हिवाळ्यात मनातल्या मनात एक वजा करते."

"पण आंटी, पाच महिने चुकीची वेळ?"

"मला माहीत असतं ना ती चुकीची आहे. माहीत असलं की चालतं." त्यांनी चकली मोडून तोंडात टाकली. "वैदेही सांगत होती, इराला जवळची शाळा मिळणार म्हणून. बरं झालं बाबा. मुलींना उगाच लांब पाठवू नये थंडीत."

मी चहा अर्धा टाकून निघालो. "दूध उतू जाईल," म्हणालो. आमच्याकडे दूध बाटलीत येतं, तापवावं लागत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

*

नोव्हेंबरच्या शेवटी शाळेत पालकांना बोलावलं होतं. दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग, दहा वर्षांच्या मुलांच्या खुर्च्या. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. इराच्या बाई तरुण, हसऱ्या. गणित चांगलं, वाचन उत्तम, फळ्याकडे कमी आणि खिडकीबाहेर जास्त बघते. आम्ही दोघंही खूश. मग बाईंनी कागद उलटला.

"एक छोटीशी गोष्ट. मोठ्या शाळांच्या अर्जांच्या यादीत इराचं नाव दिसत नाहीये. कौन्सिलची काहीतरी चूक असणार. एकदा फोन करून बघाल?"

"नक्कीच चूक असणार," वैदेही इंग्रजीत म्हणाली. "यांनी केलाय ना अर्ज. अगदी शेवटच्या दिवशी, पण केलाय." आणि माझ्याकडे वळून हसली. बायका परक्यांसमोर नवऱ्याची थट्टा करतात तशी, मायेने.

"चूक कौन्सिलची नाही," मी मराठीत म्हणालो.

बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. त्यांना शब्द कळला नाही, पण काहीतरी पडल्याचं कळलं. वैदेहीने त्यांचे आभार मानले, कोट घातला, वर्गाचं दार हळू लावलं. इरा मैत्रिणीकडे होती. आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. पाऊस नव्हता, नुसती हवेत लोंबकळणारी ओल. स्टॉपवर तिने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि फोन काढला.

"पासवर्ड सांग."

पासवर्ड इराच्या नावाचा होता. एकेक अक्षर मला मोठ्याने सांगावं लागलं. तिने ते टाइप केलं, मी भरून ठेवलेली पानं बघितली, एक जागा दुरुस्त केली. मी घराचा नंबर चुकवला होता. मग हिरवं बटण दाबलं. बोटं थंडीने लाल झाली होती.

"मुदतीनंतरचे अर्ज सगळ्यात शेवटी बघतात," ती म्हणाली. "आता सांग."

मी सांगितलं. मीटिंग, घड्याळ, जानेवारी.

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि कळल्यावर काय वाटलं तुला?"

खोटं बोलण्यासाठी खूप चांगली जागा होती ती. अंधार होता, चेहरे दिसत नव्हते. "बरं वाटलं," मी म्हणालो.

बस आली. आम्ही दोघांपैकी कुणी हात केला नाही. ड्रायव्हरने जरा वेग कमी केला, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला. आत पिवळा उजेड, वाफ धरलेल्या काचा, त्यामागे माणसं.

"जायचं असेल तर जा, मिलिंद," वैदेही म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. हॉस्पिटलात म्हाताऱ्यांशी बोलते तसा होता. "पण ऑफिसने बोलावलं म्हणून जाऊ नकोस. 'मला जायचंय' असं म्हण आणि जा. मी अडवणार नाही. फक्त ते तोंडाने म्हण."

*

ते वाक्य मी पुष्कळ घोकलं. गाडीत घोकलं, आंघोळीत घोकलं. मला जायचंय. तीनच काय, दोनच शब्दांचं वाक्य. सगळ्या सुरांत म्हणून बघितलं. बाथरूममध्ये फार छान जमायचं. जेवणाच्या टेबलाशी आलं की तिथे इरा भाताचा डोंगर करून त्यात वरणाचं तळं करत असायची, आणि मी म्हणायचो, मीठ दे.

डिसेंबरात पुण्याला राजीनामा पाठवला. लोकांना तो त्याग वाटला. आई तर शेजारणींना सांगत सुटली, मुलीसाठी नोकरी सोडली माझ्या मिलिंदने. त्याग कसला. एक वाक्य म्हणता आलं नाही म्हणून माणूस राहिला. आठ महिने घरी बसलो, कचऱ्याच्या पेट्या पाठ झाल्या, मग इथल्याच एका कंपनीत लागलो. तिथेही दुसऱ्यांच्या चुका शोधतो.

मार्चमध्ये शाळेचं पत्र आलं. जवळची मिळाली नाही. मिळाली ती दोन बस बदलून. सप्टेंबरात ती शाळा सुरू झाली तेव्हापासून रोज सात वाजून दहा मिनिटांनी इरा दार ओढून घेते. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा बाहेर काळोख असतो. मी खिडकीतून बघतो, पाठीवरची बॅग दिव्याखाली येते, जाते, पुन्हा पुढच्या दिव्याखाली येते. तिला सगळं माहीत आहे. बाराव्या वर्षी मीच सांगितलं. ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. दुसऱ्या बसमध्ये माझा जागा फिक्स आहे, खिडकीचा." मग आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. त्या तिन्ही मैत्रिणींची नावं आता घरात निघत नाहीत.

वैदेहीने पुन्हा विषय काढला नाही. कधीकधी वाटतं, तिने काढावा. कारण जायचंय हे जसं मी म्हणालो नाही, तसं राहायचंय हेही कधी म्हणालो नाही. नुसता राहिलो. भिंतीवर पुणे तसंच ठेवलं. आईला फोन करायला लागतं, असं कारण सांगितलं, आणि तिने ते मान्य केलं, ज्या शांतपणे ती म्हाताऱ्यांच्या काठ्या मान्य करते.

*

तर परवाच्या गुरुवारी संध्याकाळी वैदेही कामावरून आली तेव्हा मी स्टुलावर उभा होतो, घड्याळ हातात घेऊन. आईने कशी हजेरी घेतली ते सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती दाराला टेकून, कोट न काढता उभी राहिली.

"मला रविवारीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तुला कधी दिसतंय ते."

खालून इराची चावी दारात फिरली, बॅग जिन्यात आपटली. वैदेहीने माझ्या हातातलं घड्याळ घेतलं, काटा एक तास पुढे केला आणि परत माझ्याकडे दिलं.

"त्या वर्षी सोमवारी सकाळीच कळलं होतं तुला," ती म्हणाली. "या वेळी गुरुवार दुपार झाली. चार दिवस लागली नाही तुला पुण्याची वेळ."